पीएच.डी. झाली, पुढे काय?

आमच्या पिढीत शिक्षणाचं गणित सरळ होतं. मॅट्रिक झालं की डी.एड. नाहीतर टायपिंग, बी.ए. झालं की बी.एड., आणि बी.एड. झालं की शाळेत अर्ज. मीही मराठी आणि इतिहास घेऊन, मराठी माध्यमातून बी.ए. केलं, मग बी.एड. केलं, आणि निकालानंतरच्या जूनमध्ये पूर्व उपनगरातल्या एका शाळेत मस्टरवर सही केली. ती सही पुढे तेहतीस वर्षं करत राहिले. पुढची पायरी कुठली, हे कुणाला विचारावंच लागलं नाही.

त्यामुळे आमच्या घराण्यात पहिली पीएच.डी. झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काय, पोरगी शिखरावर पोचली! ही माझ्या भाचीची लेक. जीवरसायनशास्त्रात २०२१ साली डॉक्टर झाली. बोरिवलीला पेढे वाटले, दारावरच्या पाटीत 'डॉ.' आलं. आज ती बत्तीस वर्षांची आहे आणि तिसऱ्या तात्पुरत्या नेमणुकीवर आहे. तिची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक जण तिला एकच प्रश्न विचारतो, "अगं, एवढी शिकलीस, मग नोकरी कधी लागणार?" विचारणारे सगळे आपलेच. त्यातले बरेच जण हे वाचणारेही आहेत, म्हणून तर लिहायला बसले!

मी काही विज्ञानातली नाही. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड असते. कुठलाही प्रश्न समोर आला की तो आधी कुणाकुणाला पडला होता, हे शोधायचं. म्हणून आपल्या मराठी माणसांत ज्यांनी सुरुवातीच्या काळात विज्ञानातली डॉक्टरेट मिळवली, त्यांना पदवीनंतर लगेच काय मिळालं, एवढंच बघायचं ठरवलं. पुढचे मानसन्मान आपल्याला पाठ असतात. मला हवी होती ती मधली वर्षं, ज्यांना चरित्रात जेमतेम एक ओळ मिळते.

सुरुवात मालवणपासून करते. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म १८८४. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असताना त्यांना सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात एक छोटा जेलीफिश सापडला. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी, तो घाटात कसा? त्या शोधामुळे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या शास्त्रज्ञांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी निवडलं आणि मग शिकायला जर्मनीला पाठवलं. ते तिकडे पोचले आणि १९१४ सालचं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिशांचे प्रजाजन म्हणून जर्मनांनी त्यांना अटकेत ठेवलं. सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट पुरी केली आणि कलकत्त्याला परतले. एवढी वर्षं गेली, पण त्यांची जागा शाबूत होती.

म्हणजे बघा, इथे आधी खुर्ची आणि मग पदवी! कलकत्ता विद्यापीठाला वनस्पतिशास्त्राचा विभाग उभा करायचा होता, त्यासाठी देणगीतून प्राध्यापकपद तयार झालं होतं, आणि त्या पदासाठी माणूस घडवायला त्याला परदेशी पाठवलं गेलं. आघारकर हुशार होतेच. पण अटकेत असतानासुद्धा 'परत गेल्यावर काय' हा घोर त्यांना नसणार. पुढे १९४६ साली निवृत्त होऊन ते पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक झाले. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. ज्याला तरुणपणी तयार जागा मिळाली, त्याने म्हातारपणी दुसऱ्यांसाठी जागा केली.

आता दुसरं उदाहरण, तेही बर्लिनचंच. इरावतीबाई कर्वे आपल्याला 'युगान्त'मुळे माहीत. पण त्यांची डॉक्टरेट होती मानवशास्त्रात, आणि तीही कवट्या मोजण्याची. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी असते का, असा तो विषय. ही पदवी घेऊन त्या परत आल्या, आणि १९३१ ते १९३६ ही वर्षं त्या कुठे होत्या? मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात रजिस्ट्रार! सासऱ्यांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी काढलेलं ते विद्यापीठ. अर्ज, परीक्षा, फी, पत्रव्यवहार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांना आपल्या विषयाची जागा मिळाली ती १९३९ साली. पदवीनंतर आठ-नऊ वर्षांनी.

त्यांचे यजमान दिनकर कर्वे, तेही जर्मनीत शिकून आलेले. ते मात्र फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक. आता यात कोण जास्त हुशार हा प्रश्नच नाही. फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचा विभाग होता, आणि इरावतीबाईंचा विषय शिकवणारा विभाग आपल्याकडे जवळजवळ कुठेच नव्हता. विषयाचं पीक आलं पण बाजारच भरलेला नाही, अशी गत.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचंच दुखणं. तर तसंही नाही. आइनस्टाइनला १९०५ साली झुरिकची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्याचे ते जगप्रसिद्ध निबंध छापून आले. आणि तो बर्नच्या पेटंट कचेरीत कारकुनी वळणाची नोकरी करत राहिला, थेट १९०९ पर्यंत. त्याच्याही मावश्या-आत्या असतीलच की विचारायला!

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती कमलाबाई सोहोनींची कथा, कारण आमच्या पोरीचा आणि त्यांचा विषय एकच. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष चाचणीचं आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, असल्या अटी घालून. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, महिलादिनाला तर हमखास फिरते. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ साली एम.एस्सी. मिळवली आणि केंब्रिजला गेल्या. तिथे वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' नावाचं द्रव्य असतं, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं. चौदा महिन्यांत प्रबंध, तोही चाळीसेक पानांचा! १९३९ साली केंब्रिजच्या डॉक्टर होऊन त्या भारतात परतल्या. गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात.

मी पुढचं वाचलं. परतल्यावर त्या दिल्लीला लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. ऐकायला मोठं पद, पण नवा विभाग आणि संशोधनाला फारसा वाव नाही. मग निलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. तिथे जीवनसत्त्वांवर चांगलं काम झालं, निबंध छापून आले, पण पुढची वाट दिसेना. बढतीचा, जागेचा काही रस्ताच स्पष्ट नाही. सोडून द्यावं असा विचार त्यांच्या मनात आला. केंब्रिजची डॉक्टर, हातात काम, आणि तरी राजीनाम्याचा विचार! मला हे वाचून थांबावं लागलं, कारण नेमकं हेच आमच्या पोरीने दिवाळीत मला सांगितलं होतं.

१९४७ साली मा. वि. सोहोनींशी लग्न करून त्या मुंबईला आल्या. पुढे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राची जागा निघाली आणि ती त्यांना मिळाली. तिथे विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी नीरा, डाळी, तांदळाचं पीठ अशा गरिबाच्या पोटात जाणाऱ्या पदार्थांवर काम केलं. नीरेच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आणि आपल्या उपनगराशी त्यांचा एक धागा आहे. गोरेगावच्या आरे दूध योजनेच्या त्या सल्लागार होत्या. दूध नासू नये म्हणून काय करावं, हे त्यांनी सांगितलं. लहानपणी कार्ड घेऊन पहाटे दूध केंद्रावर उभी राहिलेली मी, चकचकीत झाकणाच्या त्या बाटलीमागे केंब्रिजची एक मराठी बाई आहे, हे कुठून कळणार? इन्स्टिट्यूटचं संचालकपद मात्र त्यांना हक्काच्या वेळेपेक्षा चार वर्षं उशिरा मिळालं, अंतर्गत राजकारणामुळे.

तर या तिघांचं एकत्र बघितलं की एक गोष्ट दिसते. पदवी ज्याची त्याने कष्टाने मिळवलेली आहे. पण त्यानंतरची पाच-दहा वर्षं कशी गेली, हे त्यांच्या हुशारीवर फार कमी आणि त्या वेळी कुणी जागा तयार केली होती का, यावर फार जास्त ठरलं.

स्वातंत्र्यानंतर हे सरकारच्या लक्षात आलं होतं, असं म्हणायला जागा आहे. ४ मार्च १९५८ रोजी विज्ञानधोरणाचा ठराव झाला, पंडित नेहरूंनी तो संसदेत मांडला. त्यात शास्त्रज्ञांना चांगल्या सेवाशर्ती आणि मानाचं स्थान देण्याची भाषा होती. त्याच वर्षी सी.एस.आय.आर.ने 'सायंटिस्ट्स पूल' सुरू केला. परदेशातून शिकून आलेल्या शास्त्रज्ञाला कायमची नोकरी मिळेपर्यंत या पूलमधून मानधन द्यायचं, आणि कुठल्यातरी विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत काम करू द्यायचं. पाण्याच्या हौदात पाणी साठवतात तसा शास्त्रज्ञांचा साठा! कल्पना माणुसकीची होती. म्हणजे पदवी आणि नोकरी यांच्यात दरी आहे हे १९५८ सालीच मान्य झालेलं होतं. आमच्या पोरीने २०२१ साली ती काही नव्याने खणलेली नाही.

ही दरी ओलांडायला पत्र कसं उपयोगी पडलं, याचा एक किस्सा आमच्या मुलुंडपासून लोकलने अर्ध्यापाऊण तासावरचा आहे. गोविंद स्वरूप मराठी नव्हेत, पण काम त्यांनी महाराष्ट्रात केलं. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६१ साली पीएच.डी. झाले. त्यांनी आणि परदेशातल्या आणखी तीन भारतीय रेडिओखगोलशास्त्रज्ञांनी मिळून भारतातल्या मोजक्या संस्थांना लिहिलं, की आम्ही परत येऊन एकत्र काम करू इच्छितो, तुम्ही जागा द्याल का? टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी १९६२ च्या सुरुवातीला तारेने कळवलं की गट स्थापन करायचं ठरलं आहे, सविस्तर पत्र मागाहून. १९६३ साली स्वरूप परतले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ तबकड्या दिल्लीत पडून होत्या. त्या आणून त्यांनी १९६५ साली कल्याणजवळ देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी केली आणि सूर्याचा अभ्यास सुरू केला. पुढे उटी, आणि त्याच्याही पुढे नारायणगावजवळच्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण. हे सगळं त्या एका तारेवर उभं आहे. आता विचार करा, तशीच पत्रं लिहून उत्तर न आलेले किती जण असतील. त्यांची नावं इतिहासात येत नाहीत, कारण घडलंच नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

आणि सगळं काही सरकारनेच केलं असंही नाही. आपल्या उपनगरांतच बघा ना. गोरेगावला सिबा या स्विस औषध कंपनीने संशोधन केंद्र काढलं, १९६३ साली नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले नामवंत रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी तिथे संचालक म्हणून आले. आणि आमच्या मुलुंडला लाल बहादूर शास्त्री मार्गावर हेक्स्ट या जर्मन कंपनीचं केंद्र होतं. मी तिथून शेकडो वेळा बसने गेले असेन, आत काय चालतं याचा पत्ता नव्हता. तर सत्तरच्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी एका झाडाच्या मुळातून 'फोर्स्कोलिन' नावाचं द्रव्य वेगळं काढलं. झाड कुठलं, तर ज्याच्या मुळांचं लोणचं आमच्या गुजराती शेजारणी घालतात, ते गरमर! हे द्रव्य पेशीच्या आतल्या निरोप्यांना जागं करतं, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. मी हे उत्साहाने पोरीला सांगितलं तर म्हणाली, "मावशीआजी, मी स्वतः वापरलंय गं ते. बाटलीवर कंपनीचं नाव परदेशी होतं. ते मुलुंडला सापडलं?"

म्हणजे एक काळ असा होता, की रसायनशास्त्रातल्या पीएच.डी.ला विद्यापीठात जागा नसली तरी गोरेगाव किंवा मुलुंडच्या गाडीत बसून कामावर जाता येत होतं. पुढे ते चित्र पालटलं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट मिळणं बंद झालं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागलं. त्याने आपल्याला स्वस्त औषधं मिळाली, हे उपकार कमी नाहीत. पण परदेशी कंपन्यांना इथे नवं औषध शोधण्यात रस राहिला नाही. गोरेगावचं केंद्र बंद झालं, मुलुंडचं १९९८ साली निकोलस पिरामलने घेतलं. कायदा २००५ साली पुन्हा बदलला, पण मोडलेला संसार तसाच्या तसा परत उभा राहत नाही.

आता एक दुःखद पान. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने १९७२ साली आत्महत्या केली. निवड आणि बढतीतल्या अन्यायाचा प्रश्न देशभर गाजला. चौकशीसाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते आपले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, माजी सरन्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू. त्या समितीच्या शिफारशीवरून १९७३ साली कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ स्थापन झालं. निवडीची रीत सुधारायला एक जीव जावा लागला. म्हणून म्हणते, "नोकरी कधी लागणार" हा प्रश्न आपण सहज विचारतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो कुठे जाऊन बसतो, ते आपल्याला दिसत नाही.

आजची स्थिती काय? पोरीकडून समजून घेतली ती सांगते. पीएच.डी. चालू असताना फेलोशिप असते. २०२३ साली ती वाढून सुरुवातीला महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० झाली, वर घरभाडं. प्रबंध सादर केला की फेलोशिप थांबते, हॉस्टेल सुटतं. परीक्षकांचे अहवाल येऊन तोंडी परीक्षा होईपर्यंत मध्ये तिचे आठ महिने गेले, बिनपगारी. मग रिसर्च असोसिएट. त्याला ५८,००० पासून पुढे, पण तो प्रकल्प असेपर्यंतच. मुदत संपली की दुसरा प्रकल्प, दुसरं गाव. एका ठिकाणी तर चार महिने पगारच आला नव्हता, वडिलांकडून भाड्याचे पैसे मागावे लागले. डॉक्टर झालेल्या मुलीने! त्यानंतर इन्स्पायर फॅकल्टीसारखी पाच वर्षांची शिष्यवृत्ती असते, ती मिळाली तरी पाच वर्षांनंतर कायमची जागा मिळेल याची हमी नाही.

"मग कॉलेजात शिकव की," हा दुसरा सल्ला. त्याचंही ऐका. यू.जी.सी.ने २०१८ साली सांगितलं की विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक व्हायला २०२१ पासून पीएच.डी. लागेल. मग ती मुदत २०२३ पर्यंत पुढे ढकलली. आणि जुलै २०२३ मध्ये ती अटच काढून टाकली, नेट किंवा सेट पुरे. ज्यांनी त्या नियमाकडे बघून पाच वर्षं घातली, त्यांनी काय समजायचं? शिवाय आपल्या महाराष्ट्रात कायमच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर माणसं नेमतात. जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात काही नाही. माझ्या शाळेतल्या हंगामी बाईंनासुद्धा निदान वर्षभराचा आदेश मिळायचा.

परदेशात तरी सुख आहे का? ज्या जर्मनीत आघारकर आणि इरावतीबाई शिकल्या, तिथे २००७ च्या कायद्याने पीएच.डी.आधी सहा आणि नंतर साधारण सहा वर्षं तात्पुरत्या करारावर ठेवता येतं. मग कायम करा, नाहीतर निरोप द्या. २०२१ साली तिथल्या तरुण संशोधकांनी 'मी हन्ना' अशी हाक देऊन यावर मोठा आवाज उठवला. हन्ना हे सरकारी जाहिरातीतल्या काल्पनिक संशोधिकेचं नाव. अमेरिकेत २०२५ साली सरकारी निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेशच कमी केले. तेव्हा "तिकडे का नाही जात" हा तिसरा सल्लाही जरा जपून द्यावा.

आमच्या पोरीसमोर सध्या दोन वाटा आहेत. अंधेरीच्या एका कंपनीने तिला कायमची नोकरी देऊ केली आहे. औषधांच्या चाचण्यांचे अहवाल लिहिण्याची, पगार चांगला, बोरिवलीहून ये-जा. प्रयोगशाळेशी मात्र संबंध संपला. दुसरी वाट म्हणजे पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, ज्याचा निकाल मार्चपर्यंत लागेलच असं नाही. आईवडील म्हणतात, अंधेरी घे. मार्गदर्शक म्हणतात, थांब. मला विचारलं तेव्हा मी तिला कुठली वाट घे ते सांगितलं नाही. इरावतीबाईंची पाच वर्षं सांगितली. कचेरीत बसल्या म्हणून त्यांचं मानवशास्त्र वाया गेलं नाही. पण हेही सांगितलं, की त्यांच्यासाठी पुढे डेक्कन कॉलेजचं दार उघडलं म्हणून आज आपण हे म्हणू शकतो. ते उघडलं नसतं तर? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलेलं नाही ना?"

नाही गं बाई, तुझं काही चुकलेलं नाही. एवढंच मला शंभर वर्षांच्या हिशेबातून तिला देता आलं. तिने करायचं ते केलं आहे. विभाग उघडणं, जागा भरणं, पगार वेळेवर देणं, नियम दर तीन वर्षांनी न बदलणं, ही तिची कामं नव्हेत. ती सरकारची, विद्यापीठांची, आणि मतं देणाऱ्या, देणग्या देणाऱ्या आपल्यासारख्यांचीही आहेत. देवळाला पावती फाडताना आपला हात आखडत नाही. कलकत्त्याच्या देणगीदारांनी विद्यापीठात खुर्ची उभी केली, त्यावर मालवणचा माणूस जाऊन बसला. आपल्या मुंबईत पैसा काही कमी नाही.

आणि नातेवाईक मंडळींना एक हात जोडून विनंती. जानेवारीत मुलुंडला सत्यनारायण आहे, तेव्हा ती येणार आहे. नोकरीचं विचारू नका. ती सध्या कशावर काम करते, ते विचारा. समजणार नाही असं वाटेल, पण ती फार सोपं करून सांगते. मला बी.ए.वालीला समजलं, तर तुम्हाला न समजायला काय झालं?

असो. फारच लांबलं. डोळे चुरचुरायला लागले, थांबते.